चॉकलेट कंपनीचा हिशेब वाचताना नफा शेवटी पाहा: हर्शीच्या अहवालावरून पायरी-पायरीने

अमेरिकेच्या हर्शी कंपनीने २०२४ साली सुमारे २,२२१ दशलक्ष डॉलर निव्वळ नफा दाखवला. आदल्या वर्षापेक्षा तो साधारण १९ टक्के जास्त होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात (जिथे पुढे मिळणाऱ्या मालाचा भाव आजच करार करून ठरतो) कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. मुख्य कच्चा माल एवढा महागूनही नफा वाढला, म्हणजे या कंपनीला भाववाढ ग्राहकावर सहज टाकता येते, असा निष्कर्ष काढलेली टिपणं माझ्याकडे तपासायला येत राहतात. निष्कर्ष चुकीचा आहे. पुढच्याच तिमाहीत, जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये, नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे ७२ टक्क्यांनी घसरला. त्यावर "ब्रँड संपला" असं लिहिणारी टिपणं आली. तीही चुकीचीच.

दोन्हीकडे चूक एकच आहे. नफ्याचा आकडा आधी वाचला आणि मग त्याला शोभेल असं कारण शोधलं. गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यात ही चूक विशेष महागात पडते, कारण इथे नफ्यात तीन परक्या गोष्टी मिसळलेल्या असतात: कोकोच्या वायद्यांचा कागदी नफा-तोटा, सणांच्या तारखा आणि दुकानदारांनी आगाऊ भरून ठेवलेला माल. त्या वेगळ्या काढल्याशिवाय धंदा दिसत नाही. खालचा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण हर्शीचं घेतलं आहे, कारण तिचे कागद फुकट मिळतात आणि त्यांत तपशील भरपूर असतो.

## तयारी: कोणते कागद, कोणती वही

अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या 'एडगर' या संकेतस्थळावर कंपनीचे सगळे कागद असतात. एवढे उतरवून घ्या:

- मागच्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल (टेन-के)
- मागच्या दोन वर्षांचे तिमाही अहवाल (टेन-क्यू)
- प्रत्येक तिमाहीच्या निकालाचं प्रसिद्धिपत्रक. समायोजित नफ्याचा, म्हणजे कंपनीने काही गोष्टी बाजूला काढून दाखवलेल्या नफ्याचा, तपशील त्यात शेवटी असतो
- ताजं प्रॉक्सी स्टेटमेंट, म्हणजे वार्षिक सभेआधी भागधारकांना पाठवलेलं पत्रक
- कंपनीच्या संकेतस्थळावरचा शाश्वतता अहवाल

तयार गुणोत्तरं देणाऱ्या संकेतस्थळांवरून सुरुवात करू नका. ती जाहीर नफाच उचलतात, आणि विभागवार आकडे तिथे बहुतेक वेळा नसतात. तुम्हाला जे वेगळं काढायचं आहे तेच तिथे एकत्र झालेलं असतं.

मग एक साधी एक्सेलची शीट करा. आडव्या ओळीत वर्षं आणि तिमाही, उभ्या रकान्यात विक्री, ढोबळ नफा (विक्री वजा विकलेला माल बनवण्याचा खर्च), विभागवार नफा, मालसाठा, ग्राहकांकडून येणे, कर्ज, कामकाजातून आलेली रोकड, भांडवली खर्च. प्रत्येक आकड्याशेजारी पान क्रमांक लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण महिन्याभराने स्वतःचाच आकडा तपासायची वेळ येते तेव्हा याच रकान्याचा उपयोग होतो.

सावधान, एकक: हर्शीच्या टेन-केमध्ये व्यवस्थापनाच्या चर्चेतली कोष्टकं दशलक्ष डॉलरमध्ये असतात आणि मुख्य लेखापत्रकं हजार डॉलरमध्ये. एकाच कागदात दोन्ही एककं. शीटच्या डोक्यावर एकक लिहा आणि सगळं त्यातच बदलून घ्या.

सावधान, रुपये: आकडे रुपयांत बदलू नका. बदललेत तर विक्रीच्या वाढीत डॉलरच्या भावाची वाढही शिरते. पाच वर्षांच्या तुलनेत हा फरक मोठा होतो.

## पायरी १: कंपनी काय विकते आणि कुणाला विकते

टेन-केचं पहिलं कलम धंद्याचं वर्णन करतं. बहुतेक जण ते ओलांडून थेट आकड्यांकडे जातात. असं करू नका, त्यातून तीन गोष्टी उतरवा.

पहिली, विभाग. हर्शीचे तीन आहेत: उत्तर अमेरिकेतली गोळ्या-चॉकलेटं, उत्तर अमेरिकेतला खारा खाऊ आणि आंतरराष्ट्रीय. विक्रीच्या पाचातले चार हिस्से पहिल्या विभागातून येतात. खाऱ्या खाऊचा विभाग मुख्यतः विकत घेऊन उभारला आहे: २०१८ मध्ये स्किनीपॉप पॉपकॉर्नची कंपनी सुमारे १.६ अब्ज डॉलरला, २०२१ च्या शेवटी डॉट्स प्रेट्झेल्स आणि तिला माल बनवून देणारी कंपनी मिळून सुमारे १.२ अब्ज डॉलरला. हे माहीत नसेल तर २०२२ ची वाढ वाचताना तुम्ही हमखास फसाल. भारत तिसऱ्या विभागात येतो. हर्शी इथे २००७ मध्ये गोदरेजसोबत भागीदारीत आली आणि २०१२ मध्ये तिने भागीदाराचा हिस्साही घेतला. एकूण आकड्यात मात्र या बाजाराचं वजन इतकं कमी आहे की भारतातल्या बातमीवरून पूर्ण कंपनीचा अंदाज बांधू नये.

दुसरी गोष्ट, परवाने. अमेरिकेत किटकॅट हर्शी बनवते ती नेस्लेच्या परवान्यावर; तिथली कॅडबरी चॉकलेटंही ती परवान्यावरच बनवते, पण तो परवाना नेस्लेचा नाही. स्वतःची नाममुद्रा आणि परवान्यावरची नाममुद्रा यांची जोखीम वेगळी असते.

तिसरी, ग्राहक. मॅकलेन नावाचा एकच घाऊक वितरक हर्शीच्या विक्रीचा साधारण चौथा हिस्सा उचलतो. तो पुढे वॉलमार्टसारख्या साखळ्यांना माल पुरवतो. म्हणजे हर्शीची विक्री हा दुकानात ग्राहकाने घेतलेला माल नसतो, वितरकाच्या गोदामात गेलेला माल असतो. हे वाक्य शीटच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तिसऱ्या पायरीत ते लागणार आहे.

## पायरी २: विक्रीची वाढ फोडा

निव्वळ विक्री २०२० मध्ये ८,१५० दशलक्ष डॉलर होती, २०२१ मध्ये ८,९७१, २०२२ मध्ये १०,४१९, २०२३ मध्ये ११,१६५ आणि २०२४ मध्ये ११,२०२. हा आलेख काढून "चांगली वाढ" असा शेरा मारला जातो. थांबा. व्यवस्थापनाच्या चर्चेत प्रत्येक वर्षाची वाढ चार तुकड्यांत दिलेली असते: भाववाढ, नगांची वाढ किंवा घट, विकत घेतलेल्या कंपन्यांचा वाटा आणि चलनाचा परिणाम. शीटमध्ये या चारांसाठी चार ओळी करा.

तसं केलं की चित्र बदलतं. २०२२ च्या १६ टक्के वाढीत डॉट्सच्या खरेदीचा चांगला मोठा वाटा होता. २०२३ च्या ७.२ टक्के वाढीत भाववाढ मुख्य होती, विकलेला माल प्रत्यक्षात घटला होता. २०२४ मध्ये एकूण वाढ जेमतेम ०.३ टक्के.

नग घटत असताना भाव वाढवून विक्री फुगते, ती एक-दोन वर्षं चालते. त्याच काळात पाकिटाचं वजनही बदलत असतं. किंमत तीच ठेवून माल कमी करणं हीसुद्धा भाववाढच आहे आणि कंपन्या तिला बहुधा 'किंमत आणि पाकीट रचना' अशा नावाने मांडतात. एक रुपयाच्या गोळीचं आपल्याकडे तेच होतं: किंमत हलवता येत नाही, म्हणून वजन हलतं.

तपासणी: चार तुकड्यांची बेरीज एकूण वाढीशी जुळते का? अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर कुठेतरी चुकीच्या विभागाचा आकडा उचलला आहे.

## पायरी ३: दिनदर्शिका समोर ठेवा

अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांचे चार मोठे हंगाम आहेत: व्हॅलेंटाइन, ईस्टर, हॅलोविन आणि नाताळ. यातला ईस्टर दरवर्षी सरकतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला आला, २०२५ मध्ये २० एप्रिलला. म्हणजे एका वर्षी त्याचा सगळा माल पहिल्या तिमाहीत गेला, दुसऱ्या वर्षी त्यातला बराच भाग दुसऱ्या तिमाहीत ढकलला गेला. फक्त पहिल्या तिमाहीची तुलना केली तर घट दिसणारच.

दुसरी अडचण दुकानदारांच्या साठ्याची. एप्रिल २०२४ मध्ये हर्शीने कारखाने, गोदामं आणि बिलांची संगणक प्रणाली बदलली. बदलाच्या दिवसांत माल अडकू नये म्हणून ग्राहकांनी आधीच जास्त उचल केली. पहिल्या तिमाहीची विक्री ८.९ टक्के वाढली आणि दुसऱ्या तिमाहीची १६.७ टक्के घटली. पहिला आकडा पाहून खूश झालेले आणि दुसरा पाहून घाबरलेले, दोघांनीही अर्धंच वर्ष पाहिलं. दोन तिमाही मिळवा: ५,४७८ दशलक्षवरून ५,३२७ दशलक्ष, म्हणजे सुमारे पावणेतीन टक्के घट. धंद्याची स्थिती या तिसऱ्या आकड्यात आहे.

आणि याच आगाऊ साठ्यामुळे २०२५ ची पहिली तिमाही दुप्पट वाईट दिसली. विक्री १३.८ टक्के घटली, कारण तुलना फुगलेल्या तिमाहीशी होती आणि वर ईस्टरही पुढे गेला होता.

प्रणाली बदलाकडे दुर्लक्ष करू नका. १९९९ मध्ये याच कंपनीने हॅलोविनच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली आणि १०० दशलक्ष डॉलरहून अधिक मागणीचा माल वेळेत पोहोचवू शकली नाही. जोखमीच्या कलमात 'प्रणाली' आणि 'अंमलबजावणी' हे शब्द शोधण्याची सवय लावून घ्या.

नियम: तिमाहीची तुलना नेहमी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी, आणि ईस्टर सरकलेला असेल तर पहिल्या सहामाहीची सहामाहीशी. लागोपाठच्या दोन तिमाहींची तुलना या धंद्यात निरुपयोगी आहे.

## पायरी ४: कोको आणि वायदे

सर्वात जास्त वेळ इथे द्या. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ टिपणं इथेच घसरतात.

हर्शी कोको, साखर, दूध, इंधन वगैरेंचे भाव वायदे आणि ऑप्शनमधून आधीच बांधून ठेवते. साधारण ३ ते २४ महिने पुढचे. त्यामुळे आज बाजारात कोको १२ हजार डॉलर असला तरी कारखान्यात आज वापरला जाणारा कोको वर्षभरापूर्वी बांधलेल्या भावाचा असू शकतो. बाजारभाव आणि खर्च यांत असा मोठा उशीर असतो. म्हणून ज्या वर्षी कोको चढतो त्याच वर्षी नफा पडेल, ही अपेक्षा बहुधा चुकते. मार नंतर बसतो.

आता हिशेबाची गंमत नीट समजून घ्या. या वायद्यांची किंमत रोज बदलते. हर्शी त्या बदलाचा नफा-तोटा लगेच विक्रीखर्चात (विकलेल्या मालाच्या खर्चात) घेते, पण कोणत्याही विभागाच्या नावावर टाकत नाही. 'विभागांत न वाटलेला' म्हणून तो मुख्य कार्यालयाच्या खात्यावर राहतो. ज्या कोकोसाठी वायदा केला होता त्याचं चॉकलेट बनून विकलं गेलं, की तोच आकडा संबंधित विभागाकडे वर्ग होतो.

परिणाम असा: कोको वेगाने चढतो तेव्हा हातातल्या वायद्यांची किंमत वाढते, विक्रीखर्च कागदावर कमी होतो आणि ढोबळ नफा फुगतो. २०२३ मध्ये जाहीर ढोबळ नफा विक्रीच्या ४४.८ टक्के होता, २०२४ मध्ये ४७.३ टक्के. कोको विक्रमी महाग झालेल्या वर्षात! हा चॉकलेट विकून मिळालेला नफा नव्हे, पुढच्या वर्षी महाग कोको वापरताना जो दिलासा मिळायचा तो आधीच नोंदला गेला आहे. २०२५ मध्ये भाव उतरू लागले तसा हाच हिशेब उलटा फिरला.

काम असं करा:

१. विभागवार माहितीच्या टिपेत विभागांचा नफा आणि खाली 'न वाटलेला वायद्यांचा नफा-तोटा' ही ओळ शोधा. ती स्वतंत्र लिहा.
२. जाहीर ढोबळ नफ्यातून ती वजा करा (तोटा असेल तर मिळवा).
३. उरलेल्या आकड्याची टक्केवारी पाच वर्षं लावून पाहा.
४. शेजारी कोकोचा वार्षिक सरासरी भाव लिहा, पण एक वर्ष मागे सरकवून. २०२४ च्या खर्चाशेजारी २०२३ चा भाव.

चौथा मुद्दा कच्चा अंदाज आहे, कारण कंपनीने नेमका किती माल किती भावाला बांधला हे ती सांगत नाही. तरी एक वर्ष सरकवलेला भाव चालू भावापेक्षा सत्याच्या खूप जवळ जातो.

सावधान, मालसाठ्याची पद्धत: हर्शी अमेरिकेतल्या मालसाठ्याच्या मोठ्या भागाचं मूल्य 'शेवटी आलेला माल आधी विकला' असं धरून काढते. महागाईत या पद्धतीने खर्च लवकर चढतो आणि ताळेबंदातला साठा जुन्या स्वस्त भावाने पडून राहतो. मालसाठ्याच्या टिपेत दोन पद्धतींमधल्या फरकाची एक स्वतंत्र ओळ असते, ती उतरवा. भारतीय लेखा मानकांत आणि युरोपातल्या कंपन्या वापरतात त्या मानकांत ही पद्धत चालत नाही. त्यामुळे हर्शीच्या मालसाठ्याची नेस्ले किंवा लिंट यांच्याशी थेट तुलना करायची असेल तर आधी या ओळीतला फरक साठ्यात मिळवावा लागतो.

## पायरी ५: आता नफा

आता निव्वळ नफ्याकडे या. दोन आकडे मिळतील, जाहीर आणि समायोजित. २०२४ मध्ये प्रतिशेअर जाहीर कमाई १०.९२ डॉलर होती, आदल्या वर्षी ९.०६. समायोजित कमाई ९.३७ डॉलर, आदल्या वर्षी ९.५९. एकीकडे वीस टक्के वाढ, दुसरीकडे दोन टक्क्यांहून थोडी जास्त घट. फरकाचं मुख्य कारण मागच्या पायरीतले वायदे. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत जाहीर कमाई ३.८९ वरून १.१० डॉलरवर आली, समायोजित ३.०७ वरून २.०९ वर. घट खरीच आहे, पण ७२ टक्क्यांची नाही, ३२ टक्क्यांची आहे.

म्हणून समायोजित आकडा डोळे मिटून घ्यायचा का? नाही. प्रसिद्धिपत्रकाच्या शेवटच्या कोष्टकात कंपनीने काय-काय बाजूला काढलं त्याची यादी असते. वायदे बाजूला काढणं मला पटतं. 'पुनर्रचनेचा खर्च' दरवर्षी बाजूला काढलेला दिसला तर मी तो परत नफ्यात घालतो, कारण दरवर्षी येणारा खर्च एकवेळचा नसतो. पाच वर्षांची यादी शेजारी-शेजारी ठेवून हे ठरवा.

आणखी एक सापळा कराचा आहे. अमेरिकेत कंपनी कराचा केंद्रीय दर २१ टक्के आहे, हर्शीचा प्रत्यक्ष दर २०२४ मध्ये त्याच्या बराच खाली होता. कारण ती कर सवलत देणाऱ्या प्रकल्पांत पैसे गुंतवते. त्या गुंतवणुकीचं मूल्य कमी होत जातं तो खर्च 'इतर खर्च' या ओळीत येतो आणि सवलत कराच्या ओळीत. एक ओळ पाहिली तर तोटा दिसतो, दुसरी पाहिली तर चतुराई दिसते. दोन्ही ओळींची बेरीज करूनच शेरा लिहा.

तपासणी: विभागांच्या नफ्यातून मुख्य कार्यालयाचा खर्च वजा करून, वायदे आणि बाजूला काढलेल्या गोष्टी धरून, तुम्ही जाहीर कामकाजी नफ्यापर्यंत पोहोचता का? पोहोचत नसाल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ६: रोकड आणि ताळेबंद

हा भाग तुलनेने सरळ आहे. कामकाजातून आलेल्या रोकडीतून भांडवली खर्च वजा करा. उरलेली रक्कम पाच वर्षं मिळवा आणि त्याच पाच वर्षांचा लाभांश, शेअर पुनर्खरेदी आणि कंपन्या विकत घेण्याचा खर्च मिळवून शेजारी ठेवा. दुसरी बेरीज मोठी असेल तर फरक कर्जातून आला आहे. कर्जाच्या टिपेत कोणतं कर्ज कोणत्या वर्षी फेडायचं आहे ते कोष्टक असतं. जुनं स्वस्त कर्ज पुढच्या दोन वर्षांत संपत असेल तर व्याजाचा खर्च वाढणार हे आजच कळतं.

मालसाठा सप्टेंबरअखेर फुगलेला दिसेल. घाबरू नका, हॅलोविन आणि नाताळचा माल असतो तो. मागच्या सप्टेंबरशी तुलना करा. येणे रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर मात्र पायरी ३ कडे परत जा: माल वितरकाच्या गोदामात साचतो आहे का?

## पायरी ७: मालक कोण हे पाहा

प्रॉक्सी स्टेटमेंट उघडा. हर्शीचे दोन प्रकारचे शेअर आहेत. साध्या शेअरला एक मत, ब वर्गाच्या शेअरला दहा मतं. त्या बदल्यात साध्या शेअरला लाभांश जास्त. ब वर्गाचे जवळपास सगळे शेअर एका न्यासाकडे आहेत, जो मिल्टन हर्शी शाळा चालवतो. मतांपैकी सुमारे ८० टक्के त्याच्या हातात आहेत.

याचा हिशेबाशी थेट संबंध आहे. २०१६ मध्ये माँडेलीझ या प्रतिस्पर्धी कंपनीने सुमारे २३ अब्ज डॉलरला कंपनी घेण्याचा प्रस्ताव दिला आणि तो नाकारला गेला. २००२ मध्ये न्यासानेच विक्रीची तयारी केली होती, तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे महाधिवक्ता न्यायालयात गेले आणि व्यवहार बारगळला. म्हणून "कुणीतरी चढ्या भावाने विकत घेईल" ही आशा मूल्यमापनात धरू नका. आणि लाभांशाला इतकं महत्त्व का, याचं एक उत्तरही इथे आहे: शाळेचा खर्च त्यावर चालतो.

## पायरी ८: व्यवहार कसा आहे

बहुतेक टिपणांत हा भाग शेवटच्या परिच्छेदात दोन वाक्यांत उरकलेला असतो, तोही कंपनीच्या शाश्वतता अहवालातून उचललेला. मला हे मान्य नाही. चॉकलेटचा खर्च कमी राहतो त्यामागे पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव आहे, आणि त्या भावाचा संबंध शेतावर राबणाऱ्या मुलांशी आहे. हा हिशेबाचाच भाग आहे. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१८-१९ च्या हंगामात कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट) आणि घाना या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे १५.६ लाख मुलं कोकोच्या बालमजुरीत होती. बालमजुरीचे सर्वात वाईट प्रकार थांबवण्याचा करार अमेरिकी उद्योगाने २००१ मध्येच केला होता.

तपासणीचा क्रम असा ठेवा.

आधी बाहेरचे कागद, नंतर कंपनीचा अहवाल. उलट केलं की कंपनीने निवडलेलेच प्रश्न डोक्यात बसतात. टेन-केमधलं न्यायालयीन प्रकरणांचं कलम वाचा, पण तिथे फक्त मोठ्या रकमेची प्रकरणं असतात. म्हणून नियामकांचे निकाल स्वतंत्र शोधा. उदाहरणार्थ, कॅनडात चॉकलेटचे भाव संगनमताने ठरवल्याच्या प्रकरणात हर्शी कॅनडाने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला ४० लाख कॅनेडियन डॉलर दंड झाला. रक्कम कंपनीसाठी किरकोळ, पण व्यवहार तपासणाऱ्यासाठी नोंद महत्त्वाची.

मग खरेदीची पद्धत. कोत दिव्हार आणि घाना यांनी २०२०-२१ च्या हंगामापासून टनाला ४०० डॉलर जादा आकार लावला, शेतकऱ्याच्या हाती जास्त पडावं म्हणून. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही देशांनी हर्शीवर आरोप केला की वायदे बाजारातून प्रत्यक्ष कोको उचलून ती हा आकार टाळते आहे, आणि तिचे शाश्वतता कार्यक्रम थांबवले. कंपनीने आरोप नाकारला. काही दिवसांतच कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. टिपणात दोन्ही बाजू लिहा, आणि खरेदी करारातून की बाजारातून, हा प्रश्न दरवर्षी विचारत राहा.

त्यानंतरच शाश्वतता अहवाल. त्यात प्रत्येक टक्केवारीखाली रेघ ओढा आणि विचारा: कशाची टक्केवारी? सगळ्या कोकोची की फक्त दोन देशांतल्या कोकोची? 'स्वतंत्रपणे पडताळलेला' म्हणजे पडताळणी कुणी केली, पैसे कुणी दिले, किती शेतांवर प्रत्यक्ष माणूस गेला? बालमजुरी देखरेखीखाली आलेली कुटुंबं किती हा एक आकडा आहे. त्यात सापडलेली मुलं किती हा दुसरा. मदत मिळून काम सुटलेली मुलं किती हा तिसरा. पहिला मोठ्या अक्षरात असतो. तिसरा शोधावा लागतो.

मालाची सुरक्षितताही पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी मालाच्या चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने २८ डार्क चॉकलेटांत शिसं आणि कॅडमियम तपासलं होतं, त्यांत हर्शीची उत्पादनंही होती. अशा चाचणीनंतर कंपनीने कच्च्या मालाच्या निकषांत काय बदल केला हे पुढच्या अहवालात शोधायचं.

सावधान: आरोप, खटला, तडजोड आणि दोषसिद्धी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शीटमध्ये चार वेगळे रकाने करा.

## पायरी ९: हीच पद्धत आपल्याकडे लावताना

भारतातल्या गोळ्या-चॉकलेटांच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत. माँडेलीझ इंडियाचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून पाहावे लागतात. नेस्ले इंडिया किंवा आयटीसी नोंदलेल्या आहेत, पण तिथे चॉकलेट-गोळ्या मोठ्या धंद्याचा एक कोपरा आहेत. आपलं वर्ष मार्चला संपतं, हर्शीचं डिसेंबरला. एकाच ओळीत ठेवण्याआधी तिमाही जुळवा. चॉकलेटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या सुमाराच्या तिमाहीत दुकानदारांनी उचल पुढे ढकलली का हे पायरी ३ प्रमाणेच तपासा. पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. पायरी ८ साठी तो वापरा.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली रावळगाव शुगर फार्म ही वेगळ्या प्रकारची सावधगिरी शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशा गोळ्यांच्या नाममुद्रा आणि पाककृती रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकल्या. त्या वर्षाचा नफा पाहताना हे एकरकमी पैसे बाजूला काढा. आणि त्यानंतरच्या वर्षांची तुलना आधीच्या वर्षांशी करूच नका, कारण ज्या गोळ्यांमुळे कंपनी घरोघरी माहीत होती त्या आता तिच्या नाहीत.

## पायरी १०: टिपण लिहिणं

टिपणाचा क्रम पायऱ्यांच्या क्रमानेच ठेवा: धंदा, फोडलेली विक्री, दिनदर्शिका, कोको, मग नफा, रोकड, मालकी, व्यवहार. पहिल्या ओळीत नफा लिहिण्याचा मोह होईल. तिथे फोडलेल्या विक्रीचं वाक्य लिहा. प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणत्या पानावरच्या आकड्यावर उभा आहे ते द्या.

शेवटी पुढच्या तिमाहीसाठी पाच प्रश्न लिहून ठेवा: नगांची घट थांबली का, न वाटलेल्या वायद्यांची ओळ कोणत्या दिशेला गेली, ईस्टर कोणत्या तिमाहीत पडला, येणे रक्कम विक्रीच्या पुढे पळाली का, कोकोच्या खरेदीबद्दल शब्द बदलले का. पहिल्या तिमाहीचा निकाल एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला येतो. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे त्याचा बराचसा माल मार्चअखेरच दुकानांत गेलेला असेल. तुलनेची ओळ लिहिताना हे आधी नोंदवा.